बॅलन्स शाफ्ट काढल्यानंतरची थरथर: एका जुन्या डिझेल गाडीची हकीकत

डिझेल गाडीतला बॅलन्स शाफ्ट, म्हणजे इंजिनाची थरथर मारणारा वजनदार फिरता दांडा, काढून टाकला की पुढे गाडीच्या प्रत्येक दुखण्याला एकच उत्तर मिळतं. "शाफ्ट काढलाय म्हटल्यावर एवढं होणारच." मिस्त्री तेच म्हणतो, ओळखीतले गाड्यांचे जाणकार तेच म्हणतात आणि हळूहळू आपणही तेच म्हणायला लागतो. मी हे वाक्य २०२३ चं जवळजवळ सगळं वर्ष ऐकलं. नंतर एकेक गोष्ट सुटी करून बघितली, तेव्हा कळलं की बिचाऱ्या शाफ्टच्या नावावर भलत्यांचीच उधारी मांडलेली होती. सांगलीत बसून हे सगळं कसं निस्तरलं, ते तारखा आणि खर्चासकट लिहितोय. याच फेऱ्यात अडकलेला कुणी असेल तर त्याला उपयोग होईल.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जर्मन घराण्यातली दोन लिटरची डिझेल सेडान, प्रत्येक सिलिंडरवर डिझेल फवारणारं स्वतंत्र पंप-नोजल असलेल्या पिढीची, गिअर हातानं टाकायचे. फेब्रुवारी २००९ चं पासिंग, नंबर एमएच १०. गाडी एकहाती वापरलेली, त्यामुळे तिचा सगळा इतिहास मला माहीत.

सुरुवात नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. पुण्याहून येताना पेठ नाक्याला हायवे सोडला आणि आष्ट्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे रांगत असताना डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला आणि बीप वाजायला लागला. तिथेच बाजूला घेऊन गाडी बंद केली. हे आधी सांगून टाकतो: तेलाचा पिवळा दिवा म्हणजे पातळी कमी, लाल दिवा म्हणजे दाब नाही. लाल दिव्यावर "घरापर्यंत तरी नेऊ" असा विचार करायचा नसतो. पुन्हा सेल्फ मारून बघायचा नसतो, टोचन लावून गिअरमध्ये तर ओढायचीच नाही. क्रेनवर टाकून सांगलीत आणली, साडेतीन हजार गेले.

या इंजिनांची ही जुनी खोड आहे. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) खाली, ऑइल चेंबरच्या, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीच्या आत, दोन बॅलन्स शाफ्टचं एक मॉड्यूल असतं. त्यातल्या एका शाफ्टच्या टोकाला एक छोटी षट्कोनी काडी अडकवलेली असते आणि तिच्यावर ऑइल पंप फिरतो. जुन्या गाड्यांत ही काडी ७७ मिलिमीटरची होती, पुढे कंपनीनं ती १०० मिलिमीटरची केली. सगळ्या इंजिनाचं तेल या काडीच्या सहा कोपऱ्यांवर अवलंबून. सांगलीतल्या शंभर फुटी रस्त्यावरच्या गॅरेजात चेंबर खोलून आमच्या मिस्त्रींनी, अण्णांनी, ती माझ्या तळहातावर ठेवली. एका टोकाला कोपरे शाबूत, दुसऱ्या टोकाला गोल गुळगुळीत. नख फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. ती ज्या भोकात बसते तेही आतून तसंच गोल झालेलं, आणि चेंबरच्या तळाला चंदेरी भुकटी.

कोल्हापूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून अंदाजपत्रक मागवलं. पूर्ण मॉड्यूल, पंप आणि मजुरी धरून २ लाख ३५ हजार. निम्मे पैसे आगाऊ, पार्ट यायला सहा ते आठ आठवडे. गाडी विकली असती तर साधारण तेवढेच आले असते. विमा कंपनीला फोन केला तर तिकडून अपेक्षित उत्तर: झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही. हे पॉलिसीच्या कागदावर लिहिलेलंच असतं, त्यात त्यांचं चूक काही नाही.

दुसरा रस्ता अण्णांनी सुचवला. याच घराण्यातल्या १.९ लिटरच्या डिझेल इंजिनात बॅलन्स शाफ्ट नसतो, त्याचा ऑइल पंप क्रँकवरून चेननं फिरतो. तो पंप, क्रँकवरचं दातेरी चाक, चेन, टेन्शनर आणि त्याला जुळणारं चेंबर आणायचं आणि शाफ्टचं मॉड्यूलच काढून टाकायचं. "गाडी जरा थरथरंल साहेब, पण तेलाचं टेन्शन कायमचं मिटलं बघा." मी हो म्हणालो. आजही म्हणेन.

पंपाचा संच नवा मागवला, चेंबर कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून आलं. पहिलं आलेलं चेंबर दुसऱ्याच मॉडेलचं निघालं, ते परत पाठवण्यात डिसेंबर गेला. पंप, चेन, चेंबर वगैरे ४१ हजार, क्रँकच्या मेन आणि बिगएंड बेरिंगचा संच साडेनऊ हजार, पॅकिंग, तेल, फिल्टर आठ हजार, मजुरी बावीस हजार. एकूण साडेऐंशी हजार. बेरिंग चांगली दिसत होती तरी बदलून घेतली. चेंबर उघडलंच आहे तर तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

दोन गोष्टींचा आग्रह धरला आणि दोन्हींचा पुढे उपयोग झाला. एक, काम संपल्यावर तेलाचा दाब डॅशबोर्डच्या दिव्यावर न मोजता बाहेरून काट्याचा गेज लावून मोजायचा. इंजिन गरम असताना २००० आरपीएमला निदान २ बार हवा. आमच्या इथे २.८ दाखवला. दोन, बिलावर नुसतं "इंजिन काम" न लिहिता काय काढलं, काय बसवलं, ते ओळीनं लिहून घ्यायचं, आणि काढलेलं मॉड्यूल घरी न्यायचं. ते अजून माळ्यावर आहे. ज्या इंजिनांत बॅलन्स शाफ्ट वेगळ्या मॉड्यूलमध्ये नसून ब्लॉकमध्येच बसवलेले असतात, त्यांत शाफ्ट काढल्यावर त्यांच्याकडे जाणारी तेलाची भोकंही नीट बंद करावी लागतात, नाहीतर दाब तिथूनच गळतो. तुमचं इंजिन तसलं असेल तर मिस्त्रीला हे आधीच विचारून घ्या.

संक्रांतीनंतर, जानेवारी २०२३ मध्ये, गाडी ताब्यात आली.

पहिल्या दिवशी सेल्फ मारल्यावर जे झालं त्याची मला कल्पना होती, घरच्यांना नव्हती. उभ्या गाडीत आरसा हलत होता, बाटलीतलं पाणी नाचत होतं, मागच्या सीटखाली कसलातरी पत्रा करकरत होता. बायकोनं विश्रामबागपर्यंत काही बोलायचं नाही असं ठरवलेलं असावं. शेवटच्या सिग्नलला मात्र म्हणाली, "अहो, ही गाडी आहे का कडबाकुट्टी?" आई मणक्याच्या दुखण्यामुळे त्या गाडीत बसेनाशीच झाली. कोल्हापूरला अंबाबाईला जायचं तरी ती एसटीनं जायला तयार असे. याचं मला फार लागलं, कारण गाडी घेतली होती ती तिच्यासाठी.

गॅरेजात विचारलं की उत्तर ठरलेलं. मी वर लिहिलंय तेच.

मे महिन्याच्या सुट्टीत मी जरा बसून समजून घेतलं की हा शाफ्ट नक्की करतो काय. थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, त्यामुळे एकमेकांचे झटके खोडले जायला हवेत. पण कनेक्टिंग रॉड तिरका होतो, म्हणून पिस्टन वरच्या अर्ध्या भागात जास्त वेगानं पळतो आणि खालच्या अर्ध्या भागात कमी. हिशेब पूर्ण जुळत नाही आणि क्रँकच्या एका फेरीत दोनदा उभा धक्का उरतो. तो मारायला दोन शाफ्ट क्रँकच्या दुप्पट वेगानं, एकमेकांच्या उलट दिशेनं फिरवतात आणि त्यांच्यावर एका बाजूला जड वजनं ठेवतात. ही युक्ती लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरची, शंभर वर्षांहून जुनी. १९७० च्या दशकात मित्सुबिशीनं ती चार सिलिंडरच्या मोटारींत रूढ केली. लहान इंजिनात पिस्टन हलके असतात म्हणून तिथे शाफ्टवाचून भागतं.

आता महत्त्वाचं. हा उरलेला धक्का आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आरपीएम तिप्पट झाले की धक्का नऊपट. म्हणजे ८४० आरपीएमला जेवढा असेल त्याच्या नऊपट २५२० ला. मग शाफ्ट नसल्याचा त्रास जास्त कुठे व्हायला हवा? हायवेला. आणि माझी गाडी सगळ्यात जास्त कुठे थरथरत होती? सिग्नलला उभी असताना. म्हणजे दुखणं एक नव्हतं, निदान दोन तरी होती. हे डोक्यात आलं तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं, कारण एका दुखण्याला औषध नसलं तरी दुसऱ्याला असू शकत होतं.

पावसाळा तसाच गेला. गणपतीनंतर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, नेटानं मागे लागलो. घाई करायला आणखी एक कारण होतं: फेब्रुवारी २०२४ मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पुन्हा पासिंग करायचं म्हणजे आरटीओत इन्स्पेक्टरसमोर गाडी उभी करायची, आणि त्याआधी पीयूसी.

आधी वहीत नोंदी केल्या. थंड इंजिन, गरम इंजिन, एसी चालू, एसी बंद, कुठल्या आरपीएमला काय हलतं. मग रस्त्यावरची साधी परीक्षा. मिरज रस्त्याला सकाळी लवकर ताशी ६० चा वेग तिसऱ्या गिअरमध्ये, मग तोच वेग पाचव्यात, मग न्यूट्रलमध्ये. थरथर गाडीच्या वेगाबरोबर टिकली तर टायर, रिम किंवा ड्राइव्हशाफ्ट बघायचे. आरपीएमबरोबर बदलली तर इंजिन. माझी आरपीएमबरोबर बदलत होती. उभ्या गाडीत क्लच दाबून बघितला, फारसा फरक नाही, म्हणजे गिअरबॉक्सकडचं काही नसावं. ही दोन्ही कामं फुकटात होतात आणि गॅरेजात जाण्याआधी करून गेलं की मिस्त्री आपल्याशी जरा वेगळं बोलतो.

तिसरी गोष्ट मोबाइलची. फोनमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतो आणि तो कंपनांचा आलेख काढून दाखवणारी फुकट ॲपं मिळतात. फोन सीटच्या रुळावर चिकटपट्टीनं घट्ट बांधला. माझं इंजिन उभं असताना ८४० आरपीएमला चालतं, म्हणजे सेकंदाला १४ फेऱ्या. चारही सिलिंडर नीट पेटत असतील तर फेरीला दोन ठोके, म्हणजे २८ हर्ट्झला उंच टोक दिसायला हवं. ते होतंच. डिझेलला ते असतंच, शाफ्ट असो वा नसो. पण ७ हर्ट्झलाही एक ठसठशीत टोक होतं. दोन फेऱ्यांतून एकदा होणारी गोष्ट एकच: कुठलातरी एक सिलिंडर बाकीच्या तिघांसारखा पेटत नव्हता. बॅलन्स शाफ्टचा आणि ७ हर्ट्झचा काही संबंध नाही. तो शाफ्ट तर क्रँकच्या दुप्पट वेगानं फिरतो.

हा आलेख घेऊन अण्णांकडे गेलो. ते बराच वेळ फोनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मंजे मिसिंग हाय म्हणा की!" शब्द त्यांचा, आलेख माझा, रोग एकच. त्यांच्या साध्या स्कॅनरवर कुठलाही कोड येत नव्हता, म्हणून इतके महिने तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

मिरजेत एक पोरगा लॅपटॉप घेऊन याच घराण्याच्या गाड्या तपासतो, त्याला बोलावलं. ८०० रुपये. त्यानं प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्युटर किती डिझेल कमी-जास्त करतोय ते आकडे काढले. पहिल्याला उणे ०.६, दुसऱ्याला उणे १.१, चौथ्याला उणे ०.७ आणि तिसऱ्याला अधिक २.४. म्हणजे तिसरा अशक्त होता आणि कॉम्प्युटर त्याला जास्तीचं पाजून कसाबसा चालवत होता. त्या पोरानं मग न सांगता ऑइलची पट्टी काढून बघितली. तेल खुणेच्या वर! मी वर्षात वरून तेल टाकलं नव्हतं. पंप-नोजलच्या रबरी सीलमधून डिझेल गळून तेलात मिसळत होतं, म्हणून पातळी चढत होती. पातळ झालेलं तेल आणि नुकतं वाचवलेलं इंजिन! त्या दिवशी मी जेवलो नाही नीट.

हे काम नोव्हेंबरात दिवाळीनंतर झालं. चारही नोजलची सील आणि तांब्याचे वॉशर नवे, तिसऱ्याचं नोजल कोल्हापूरला बेंचवर तपासलं तर फवारा बिघडलेला, ते रिकंडिशन केलं. बोल्ट नवे, कारण हे बोल्ट ताणले जातात आणि दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. तेल आणि फिल्टर अर्थातच बदलले. सगळे मिळून २६ हजार. एक सावधगिरी: या पिढीची नोजल कॅमशाफ्टवरच्या रॉकरनं दाबली जातात, त्यामुळे नोजल काढून पुन्हा बसवलं की रॉकरच्या स्क्रूची सेटिंग नव्यानं करावी लागते. ती कशी करणार, हे आधी विचारा. "बसवलं की झालं" असं उत्तर आलं तर गाडी परत घेऊन या.

पुन्हा आकडे काढले, चारही सिलिंडरचे आकडे ०.५ च्या आत. फोनवरचं ७ हर्ट्झचं टोक शोधावं लागत होतं. सीटमध्ये कळण्याइतका फरक पडला, पण २८ चं टोक होतं तेवढंच होतं आणि आरसा अजून हलत होता.

मग फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं ते आधार. पंधरा वर्षांच्या गाडीची फाउंडेशन आधीच बघायला हवी होती असं कुणी म्हणेल. पण मिसिंग तसंच ठेवून नवी फाउंडेशन टाकली असती तर फरक कशानं पडला ते कळलंच नसतं. अशा आडव्या इंजिनाला तीन आधार असतात: एका बाजूला इंजिनाचं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सचं, आणि खाली टॉर्क रॉड, जो इंजिनाला पुढेमागे डुलू देत नाही. इंजिनाकडचं फाउंडेशन नुसत्या रबराचं नसतं, आत द्रव भरलेला असतो. बारीक जलद कंपनांना ते मऊ राहतं आणि मोठ्या हेलकाव्याला आवरतं. माझं फुटलेलं होतं. खाली ब्रॅकेटवर काळा ओघळ वाळून त्यावर धूळ बसलेली. टॉर्च मारल्यावर दिसला. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, अण्णांच्या पोरानं क्लच थोडा सोडला की इंजिन एका अंगाला चांगलं दोन बोटं उचललं जात होतं.

अण्णांनी आधी लोकल फाउंडेशन लावून बघितलं, २२०० रुपयांचं. उचलणं थांबलं, पण थरथर वाढली, कारण ते आत भरीव रबर होतं. इंजिनातली सगळी कंपनं सरळ बॉडीत. त्यांनी स्वतःच ते काढलं. ओरिजिनल ११,४०० ला मिळालं, गिअरबॉक्सचं ६,८००, टॉर्क रॉड ३,९००. पुण्याहून यायला दहाबारा दिवस गेले. टॉर्क रॉडसाठी कडक पॉलियुरेथिनची बुशंही मिळतात आणि ती घ्या असा सल्ला बरेच जण देतात. शाफ्ट काढलेल्या गाडीत ती घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. रेस लावणाऱ्यांचा तो माल आहे.

बसवण्यातही एक खुबी आहे. सगळे बोल्ट आधी नुसते धरायचे, इंजिन थोडं हलवून आपल्या जागी बसू द्यायचं आणि मग टॉर्क पान्यानं आवळायचे. आधीच आवळलं तर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. २०२२ च्या कामात खालचा रॉड काढावा लागला होता आणि तो परत कसा आवळला गेला, ते आज कुणालाच आठवत नाही. मी यावेळी समोर उभा राहिलो. अण्णा थोडे वैतागले, पण चहा माझ्याकडून होता.

त्याच दिवशी सायलेन्सर बघितला. चेंबरचा आकार बदलल्यामुळे खालचं प्लास्टिकचं आवरण एका कोपऱ्यात चेंबरला टेकत होतं, आणि सायलेन्सरचा एक रबरी झुला इतका ताठला होता की पाइप बॉडीला धडकत होता. आवरण चार बोटं कापलं, झुले नवे टाकले, ३६० रुपये. मागच्या सीटखालचा करकरणारा पत्रा गप्प झाला. सगळ्या खर्चात हे ३६० मला सगळ्यात आवडले.

डिसेंबरच्या शेवटी आईला घेऊन औदुंबरला जाऊन आलो. येताना ती आष्ट्यापर्यंत झोपली होती.

आता कागदपत्रं. पासिंगचा अर्ज नमुना २५ वर, मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत करता येतो. मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परिवहनच्या वेबसाइटवर भरला. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीला यासाठी तेव्हा ५,००० रुपये फी होती, स्मार्ट कार्डाचे पैसे आणि पर्यावरण कर वेगळे. उशीर झाला तर मोटारीला तेव्हा महिन्याला ५०० रुपये दंड होता. माझा अर्ज अडकला तो एका जुन्या ई-चलनामुळे. खंबाटकीच्या अलीकडे वेग जास्त म्हणून आलेलं, मला त्याचा पत्ताच नव्हता. अर्ज भरण्याआधी चलन तपासा. विमा चालू हवा, पीयूसी चालू हवी, आणि चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलनं घासून घेतलेला ठसा लागतो. चेसिस नंबरवरचा गंज-मळ आदल्या दिवशीच रॉकेलच्या फडक्यानं पुसून ठेवा. गेटवर ते करायला माणसं असतात, पण पैसे मागतात.

पीयूसीला जाताना धाकधूक होती. डिझेलच्या धुराच्या चाचणीत गाडी उभी करून ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबतात, पुन्हा पुन्हा. म्हणजे इंजिन शाफ्टविना सगळ्या वाईट आरपीएममधून जातं. गाडी हललीच. पीयूसीवाल्यानं विचारलं, "फाउंडेशन गेली काय ओ?" मी म्हणालो, नवी आहेत. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे काही समजावलं नाही. रीडिंग १.१ आलं, माझ्या बीएस-३ (प्रदूषणाच्या जुन्या मानकाच्या) गाडीला मर्यादा २.४५ ची. जुलैच्या पीयूसीच्या कागदावर २.० होतं, नोजलच्या कामाचा हा पुरावा. बीएस-३ ला पीयूसी सहाच महिने चालते, एवढं लक्षात ठेवायचं.

आरटीओची तारीख फेब्रुवारीत मिळाली. शाफ्ट काढल्याचं सांगायचं की नाही, यावर ओळखीच्या एजंटाचा सल्ला "कशाला बोलताय" असा होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, त्यामुळे मला ते मनात ठेवून जायचं नव्हतं. बिल पुढे केलं. साहेबांनी ते वाचलं, इंजिन नंबर आरसीशी ताडून बघितला, इंधन तेच आहे का विचारलं, आणि आरसीवरचा कुठलाच तपशील बदलत नसल्यामुळे वेगळी नोंद लागणार नाही म्हणाले. मग दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक, टायर. वायपरचं एक रबर फाटलेलं निघालं, ते समोरच्या दुकानातून आणून बसवलं. विमा कंपनीलाही तेच बिल जोडून मेल केली होती; तीन आठवड्यांनी "नोंद घेतली" एवढंच उत्तर आलं, त्याचीही प्रिंट काढून ठेवली आहे. तुमच्या गाडीतला बदल वेगळा असेल, तर आपल्या आरटीओत स्वतः जाऊन विचारा. एजंटावर सोडू नका. नवी आरसी पोस्टानं मार्चमध्ये आली, पाच वर्षांची.

आता काय उरलंय ते सांगतो. उभी गाडी कुठल्याही जुन्या डिझेलइतकीच हलते. १८०० पर्यंत काही कळत नाही. २३०० ते २७०० च्या मधे मात्र एक घुमारा येतो, स्टिअरिंग हाताला बारीक झिणझिण्या देतं आणि आतला आरसा धूसर होतो. हे शाफ्ट नसल्याचं आहे आणि हे जाणार नाही. सहाव्या गिअरमध्ये हायवेला ताशी ९०-१०० ला मी त्याच्या खालीच राहतो. घाटात तिसऱ्या-चौथ्यात ते भेटतं. आई असली की एक गिअर वर टाकतो, पण इंजिन कण्हायला लागेल इतका वर नाही.

कंपन वाढलं की बोल्ट ढिले होतात, हेही आता कळलंय. दर सर्व्हिसला एसी कॉम्प्रेसरचं ब्रॅकेट, टर्बोजवळचे हीट शील्डचे पत्रे, डिझेलच्या पाइपच्या क्लिपा आणि बॅटरीचा ट्रे हातानं हलवून बघायला सांगतो. हीट शील्डचा एक बोल्ट गेल्या वर्षी पडलेला सापडला.

काढायचा की नाही, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर: भोक शाबूत असेल आणि नुसती काडी झिजली असेल, तर लांब काडीचा सुधारित संच बसवून शाफ्ट ठेवा. रोज पुणे-मुंबई करणार असाल तरी ठेवा. माझ्यासारखं भोकही गेलं असेल, गाडी सांगली-मिरज-कोल्हापूर एवढीच फिरणार असेल आणि मॉड्यूलचे पैसे गाडीच्या किमतीएवढे होत असतील, तर काढा. पण नोजल आणि फाउंडेशनचे पन्नासेक हजार त्याच वेळी हिशेबात धरा.

पुढचा खर्च दिसतोय तो फ्लायव्हीलचा. या गाडीत दोन तबकड्यांचं, मधे स्प्रिंग असलेलं फ्लायव्हील आहे आणि बंद करताना ते आता खडखडायला लागलंय. क्लचसकट साठ हजाराच्या घरात जाईल. त्याऐवजी साधं भरीव फ्लायव्हील टाका, निम्म्यात होईल, असं सांगणारे आत्तापासून भेटताहेत. ते मी टाकणार नाही. इंजिनाचे पिळाचे झटके गिअरबॉक्सपर्यंत पोचू न देणारी तेवढी एकच गोष्ट आता या गाडीत उरली आहे. अण्णांनाही हे पटलंय. फक्त दिवाळीनंतर करू म्हणाले, कारण तोवर त्यांचा गिअरबॉक्स उतरवायचा जॅक दुरुस्तीला गेलाय.